शी-शूला खाली नेणं म्हणजे फिरवणं नव्हे

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा लॅब, म्हणजे लॅब्रेडोर जातीचा कुत्रा आहे. कोथरूडला सातव्या मजल्यावर राहतो. सकाळी मुलगा आणि रात्री हे त्याला दहा-दहा मिनिटं खाली नेतात, शी-शू झाली की वर. घरात मोकळाच असतो, शिवाय मोठी गच्ची आहे. तरी हल्ली चपला कुरतडतो, सोफ्याचा कोपरा फाडला, बेल वाजली की भुंकणं थांबतच नाही आणि वजन ४२ किलो झालंय. डॉक्टर म्हणतात फिरवा, सासूबाई म्हणतात एवढं घर आहे की. खरंच रोज फिरवायला लागतं का?

उत्तर : ताई, लागतं, आणि रोज लागतं. गच्चीचं म्हणाल तर एकदा लपून बघा तो तिथे एकटा काय करतो ते. दोन चकरा मारेल आणि दारापाशी येऊन बसेल, कारण गच्चीत कालही तोच वास होता आणि आजही तोच आहे. सासूबाईंना सांगा, घरात देवघर आहे तरी आपण देवळात जातोच ना, तसंच आहे हे.

आपण फिरतो पायांनी, कुत्रा फिरतो नाकाने. उद्या त्याला गेटजवळच्या विजेच्या खांबापाशी नेऊन नुसते उभे राहा आणि वाकून त्याचं नाक बघा. एका सेकंदात चार-पाच वेळा आत ओढतो, आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूला जी बारीक चीर असते ना तिथून बाहेर जाते म्हणजे समोरचा वास उडत नाही, उलट नवीन हवा आत खेचली जाते. रात्रीत कोण आलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे सगळं त्याला त्या खांबावर कळतं. आणि नेमकं तेव्हाच आपण मोबाईल बघत पट्टा ओढतो आणि म्हणतो चल रे. माझी कळकळीची विनंती आहे, हुंगू द्या त्याला. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो. चपला आणि सोफा हा बहुतेक वेळा कंटाळाच असतो.

अजून एक, शू झाली की लगेच वर नेता ना, तिथेच चुकतंय. त्याला कळतं की शू केली की मजा संपली, मग तो धरून ठेवायला लागतो आणि तुम्ही गेटपाशी ताटकळत उभे राहता. शू झाल्यावर खरा फेरफटका सुरू झाला पाहिजे.

वजनाचं म्हणाल तर लॅबचा नर साधारण २९ ते ३६ किलोचा असावा. ही जात खादाड म्हणून बदनाम आहे पण त्यात त्यांचा दोष नाही, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित जनुकातच बिघाड असतो. म्हणून पोळीचे तुकडे बंद करा, आणि फिरणं एकदम वाढवू नका, जड अंगाने सांधे दुखतात. आत्ताची दहा मिनिटं आहेत ती पंधरा करा, मग दर आठवड्याला पाच वाढवत सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास इथपर्यंत या. जेवण फिरून आल्यावर, थोडं थांबून द्या. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर न्या, पण पट्टा सोडू नका, तिथे मोर असतात.

एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी सातच्या आत घरी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळं धापा टाकूनच. मी एकदा मे महिन्यात दहा वाजता माझ्या बंटीला डांबरी रस्त्यावर नेलं होतं, चारही पंजांना फोड आले, आठवडाभर तो लंगडत होता आणि ते मला आजही विसरता येत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवा, सात सेकंद ठेववत नसेल तर वर चला.

प्रश्न : आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, दीड वर्षाची आहे, डोंबिवलीला राहतो. पावसात पाऊल टाकत नाही, आणि गल्लीतली कुत्री अंगावर येतात. चार महिने घरातच बॉल खेळवला तर चालेल का?

उत्तर : बॉल जरूर खेळवा पण फिरण्याच्या ऐवजी नको. पाऊस थांबला की लगेच बाहेर पडा, रेनकोट नको वाटत असेल तर जबरदस्ती नको. साचलेल्या पाण्यात मात्र तोंड घालू देऊ नका, उंदराच्या लघवीतून लेप्टो हा आजार होतो आणि तो माणसांनाही होतो, त्याची लस तिला दरवर्षी द्या, रेबीजची तर हवीच. घरी आलात की बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, कानात आणि पट्ट्याखाली गोचीड बघा. जेवण सोडलं, ताप वाटला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

गल्लीतल्या कुत्र्यांचं म्हणजे त्यांची हद्द ठरलेली असते, तुम्ही पळालात की ती मागे येणारच. पट्टा ताणू नका, हळू चालत दुसऱ्या बाजूने जा आणि वेळ रोज एकच ठेवा. त्यांना खायला घालणारं कुणी असेल तर त्यांच्यासोबत आठवडाभर जा, ओळख झाली की निम्मा त्रास संपतो.

प्रश्न : माझं वय ६८, नाशिकला राहतो. आमची पॉमेरियन बारा वर्षांची आहे. हल्ली अर्ध्या वाटेत बसते. तिचे हाल नकोत म्हणून फिरवणं बंद करावं का?

उत्तर : काका, बंद नका करू. आधी डॉक्टरांना दाखवा, सांधे, हृदय आणि वाढलेली नखं, तिन्ही बघायला सांगा. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्यांचं पोट आणि किडनी जाते. डॉक्टर हो म्हणाले तर एका लांब फेरीऐवजी दिवसातून तीनदा आठ-दहा मिनिटं न्या, मातीवर, सावलीत. उठताना पाय आखडलेले असतील आणि चालता चालता मोकळे होत असतील तर चालणं तिला मानवतंय. बसली तर तुम्हीही शेजारी बसा, वाऱ्यावर येणारे वास ती बसूनही घेते.

माझा बंटी शेवटच्या महिन्यात फक्त गेटपर्यंत जायचा. जिना उतरताना पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. तुमची तर छोटीशी आहे, तिला जिन्यावर उचलूनच घ्या आणि खाली ठेवल्यावर कुठल्या बाजूला जायचं ते तिला ठरवू द्या.