नळी मोजताय की डिटेक्टर?

प्रश्न : मॅडम, आतून अर्धा मिलिमीटर व्यासाच्या २ मीटर लांब नळीतलं अ‍ॅक्सियल डिस्पर्शन (लांबीच्या दिशेने रंगाचं पसरणं) मी मोजतो आहे. सिरिंज पंपातून मिनिटाला ११८ मायक्रोलिटर पाणी जातं, म्हणजे वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. ५ मायक्रोलिटर रंगाची पल्स सोडून टोकाला डिटेक्टरच्या फ्लो सेलमध्ये (द्रव वाहताना त्यातला रंग मोजणारी छोटी कुपी) रंगाचा वेळेनुसार वक्र नोंदवतो. सरासरी वेळ २४० सेकंद, प्रमाण विचलन ४६ सेकंद. यातून निघणारा डिस्पर्शन गुणांक टेलर-एरिस सूत्राच्या जवळपास तिप्पट आहे. पल्स मोठी पडतेय, की नळी गुंडाळलेली आहे म्हणून? गाइड म्हणतात, एवढ्या बारीक नळीला सूत्र लागूच होत नसेल.

उत्तर : आधी गाइडचं बघू. सूत्र लागू व्हायला रेणूंना नळीत असेपर्यंत आडवं फिरून यायला वेळ मिळाला पाहिजे. मधला प्रवाह सरासरीच्या दुप्पट वेगाने पळतो, भिंतीलगतचा जागचा हलत नाही. रंगाचा रेणू विसरणाने या पट्ट्यांमध्ये ये-जा करतो आणि शेवटी सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखाच वेग येतो. म्हणूनच, ऐकायला उलटं वाटेल, पण द्रवात विसरण जितकं जलद तितकी पल्स कमी पसरते. टेलर यांनी १९५३ मध्ये हे दाखवलं, १९५६ मध्ये एरिस यांनी त्यात लांबीच्या दिशेचं साधं विसरण मिळवलं. गोल नळीसाठी गुणांक असा : D + u²d²/१९२D. यात D म्हणजे रंगाचा विसरण गुणांक, u सरासरी वेग आणि d नळीचा आतला व्यास. पाण्यातल्या रंगाचा D सुमारे १०⁻⁹ चौरस मीटर प्रतिसेकंद धरला, तर टेलर यांच्या निकषाने आडव्या सरमिसळीला सुमारे ४ सेकंद लागतात. तुमच्या नळीत रंग २०० सेकंद असतो. सूत्र अगदी आरामात लागू होतं.

पल्सही निर्दोष आहे. ५ मायक्रोलिटर म्हणजे अडीच सेकंदांचा चौकोनी ठोकळा, त्याचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) अर्धा सेकंद-वर्ग. तुमच्या वक्राचं २११६ आहे, त्यात ते दिसणारसुद्धा नाही. गुंडाळीने तर डिस्पर्शन कमी होतं, कारण वळणावर द्रव आडवा घुसळला जातो. तिच्यावर तिप्पटीचा आळ घेता येणार नाही.

खरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. २ मीटर नळीत ३९३ मायक्रोलिटर मावतं, म्हणजे सरासरी वेळ २०० सेकंद यायला हवी. तुमची २४० आली. हे वरचे ४० सेकंद कुठले? तुमच्या प्रवाहाने ४० सेकंदांत सुमारे ८० मायक्रोलिटर जातं, आणि तेवढी जागा नळीबाहेर कुठेतरी दडली आहे. माझा संशय फ्लो सेलवर आहे. तुम्ही तिचं आकारमान लिहिलेलं नाही, आणि ते न लिहिणं हेच मला खटकलं.

अशी सेल पूर्ण ढवळलेल्या भांड्यासारखी वागली, तर तिचं प्रचरण ४० चा वर्ग, म्हणजे १६००. एकामागोमाग जोडलेल्या भागांची प्रचरणं बेरजेने वाढतात. २११६ मधून १६०० वजा केले की ५१६ उरतात, वर्गमूळ साधारण २३ सेकंद. टेलर-एरिसचा गुणांक तुमच्या नळीला १.३ × १०⁻⁴ चौरस मीटर प्रतिसेकंद येतो आणि त्याचं विचलनही २३ सेकंदच! आकडे इतके नेमके जुळले की मलाच शंका आली, कारण सेल पूर्ण ढवळली जाते हे मी नुसतं गृहीत धरलं आहे. एक खूण मात्र पाहा : वक्राला उजवीकडे लांब शेपटी आहे का? नुसत्या नळीचा वक्र इथे जवळपास सममित असायला हवा.

मी स्वतः सुरुवातीला महिनाभर एका जोडणीचं डिस्पर्शन मोजत बसले होते, रिअ‍ॅक्टरचं समजून. शेवटी युनियन (दोन नळ्या जोडणारा सांधा) उघडून भिंगाखाली धरला. स्वच्छ पाणी दहा मिनिटं वाहूनही नळीचं टोक आणि युनियनचं बूड यांच्या मधल्या फटीत निळं वर्तुळ तसंच बसलेलं! टोक किंचित तिरकं कापलं गेलं होतं, एवढंच.

तेव्हा नळी काढा, इंजेक्शन व्हॉल्व्ह थेट सेलला जोडा आणि त्याच प्रवाहाने तीच पल्स सोडा. तो रिकाम्या जोडणीचा वक्र. त्याचं प्रचरण वजा करून चालेल, पण मी तसं करत नाही. प्रचरणात शेपटीच्या बिंदूंना वेळेच्या वर्गाचं वजन मिळतं, बेसलाइन (रंग नसतानाची पातळी) जराशी सरकली तरी आकडा कोलमडतो. त्याऐवजी रिकाम्या वक्राचं डिस्पर्शन मॉडेलशी कन्व्होल्युशन करा (म्हणजे मॉडेलच्या वक्रावर जोडणीचा पसारा गणिताने चढवा), आलेला वक्र मोजलेल्या वक्रावर बसवा आणि गुणांक एवढाच मोकळा ठेवा. जमलं तर सेल लहानच घ्या. दुरुस्ती नळीच्या स्वतःच्या आकड्याच्या तिप्पट असेल, तर तिच्यावर भरवसा कसा ठेवणार?

प्रश्न : माझं चॅनेल कोरलेलं, आयताकृती आणि उथळ आहे. १९२ च्या जागी २१० घालून, व्यासाऐवजी खोली घेतली तर चालेल ना?

उत्तर : नाही. २१० दोन अनंत पाट्यांसाठी आहे. चॅनेल कितीही रुंद केलं तरी बाजूच्या भिंती आपला हिस्सा घेतातच, आणि खूप रुंद चॅनेलमध्ये डिस्पर्शन त्या सूत्राच्या जवळपास ८ पट होतं. मात्र तिथे पूर्ण रुंदीभर विसरण व्हायला वेळ लागतो. चॅनेल तेवढं लांब नसेल तर पहिल्या प्रश्नातला गाइडांचा आक्षेप तुमच्याकडे खरा ठरेल.