कांग यात्सेला जाण्याआधी

अगं पोरी,

नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड झाला, अलंग-मदन-कुलंगही झालं, म्हणजे तुझ्या पायांची मला काळजी नाही. लडाखमधलं कांग यात्से-२ शिखर जरूर कर. पण तू पाठवलेला कार्यक्रम बदलावा लागेल. विमानानं लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी मार्खा खोऱ्यात शिरायचं, हे काही मला पटत नाही.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. शिखर ६२५० मीटरच्या आसपास. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. दमसास कितीही असो, शरीराला त्या हवेची सवय व्हायला दिवसच लागतात. उलट तुझ्यासारखी तयारीची मंडळीच फसतात, कारण त्यांना वेगानं चढता येतं. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा हिशेब कागदावर मांड. लेहमध्ये निदान दोन-तीन दिवस काढ. पहिल्या दिवशी नुसती लोळ. (गोंपा, म्हणजे तिथले बौद्ध मठ, कुठं पळून जात नाहीत.)

डोकेदुखी, मळमळ लपवू नकोस. ‘थोडंसंच दुखतंय, चालेल’ म्हणायची आपल्याकडे फार हौस! बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून घे. पण ती गोळी दिवस वाचवण्यासाठी नसते.

दुसरी उणीव बर्फाची. सह्याद्री कातळ शिकवतो, बर्फ नाही. हे शिखर फार अवघड मानत नाहीत, तरी वरचा बर्फाचा उतार लांबलचक आहे. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दाते) घालून चालणं, घसरल्यावर आईस अ‍ॅक्सनं (बर्फाच्या कुऱ्हाडीनं) स्वतःला रोखणं अंगवळणी पडलेलं हवं, आणि ते व्हिडिओ पाहून येत नाही. उत्तरकाशीला नाहीतर दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स आधी कर. महिनाभराची रजा लागेल, जागाही लवकर भरतात. त्यापायी शिखर पुढच्या वर्षावर गेलं तर जाऊ दे.

चढाई रात्रीच सुरू करतात, कारण बर्फ तेव्हा घट्ट असतो. ऊन चढलं की भुसभुशीत होतो. म्हणून परत फिरायची वेळ बेस कॅम्पवरच ठरवा. माथा समोर दिसत असताना घड्याळाचं ऐकणं जड जातं, तेव्हा तो निर्णय गाईडवर सोपव आणि मग हुज्जत घालू नकोस.

नवा कार्यक्रम पाठव. राखीव दिवस किती ठेवलेस, ते आधी बघेन. बुटांचं नंतर बोलू.