कोचला ‘हो’ म्हणायचं, पण कधी?

अमेरिकेत स्थायिक झालेलं मराठी कुटुंब. लेक अकरावीत, सॉफ्टबॉलमध्ये कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी. १ सप्टेंबरलाच एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची श्रेणी) कॉलेजच्या कोचचा फोन आला: तुझ्यासाठी जागा आहे, दोन आठवड्यांत कळव. बाबा म्हणत होते, आत्ता हो म्हणून टाकू, पुढचं पुढे बघू. आईला घोर वेगळाच, उद्या शब्द फिरवावा लागला तर?

तोंडी होकार कुणालाच बांधत नाही, ना मुलीला ना कॉलेजला. पूर्वी तर आठवी-नववीतल्या मुलीही असा होकार देऊन बसत. २०१८ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने त्याला चाप लावला: अकरावीच्या १ सप्टेंबरआधी कोचने मुलीशी बोलायचं नाही. म्हणून तर फोन १ सप्टेंबरला आला. शिष्यवृत्तीच्या करारावर सही मात्र बारावीच्या नोव्हेंबरात होते. मधल्या चौदा महिन्यांत कोच नोकरी बदलतो, नवा कोच ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार कॅचर आणतो, आणि जुना शब्द हवेत विरतो.

मुलीला आधी प्रश्न लिहून काढायला सांगितले. शिष्यवृत्तीची मदत एकूण खर्चाच्या किती टक्के? एका वर्षासाठी की चारही? त्यात खेळाची किती, गुणांची किती? मी येईन तेव्हा संघात कॅचर किती असतील? शेवटचा प्रश्न सगळ्यात कळीचा. हाउस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेला खटला) तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत सॉफ्टबॉल संघामागे बारा शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, पण संघ जास्तीत जास्त २५ खेळाडूंचा झाला. पैशाइतकीच आता जागाही मोलाची.

हे प्रश्न मुलीनंच विचारायचे. बाबांनी फोन हातात घेतला की कोच सावध होतो. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ईमेल: “आज आपण अमुक टक्के, चार वर्षं असं बोललो. माझी समज बरोबर आहे ना?” उत्तर गुळमुळीत आलं किंवा आलंच नाही, तर ते ‘नाही’ धरून चालावं. गुणपत्रिका प्रवेश विभागाकडून आधी तपासून मिळेल का, हेही विचारावं. कोचला आवडलेली मुलगी प्रवेशात अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मुदत वाढवून मागितली तर सहसा कुणी रागावत नाही. रागावला, तर तो कोच कसा आहे ते वेळेत कळलं.

राहिला आईचा घोर. होकारानंतर मन बदललंच, तर मुलीनं स्वतः फोन करून सांगावं, तेही इन्स्टाग्रामवर काही टाकण्याआधी. दोन कॉलेजांना एकाच वेळी हो मात्र कधीच नाही. कोच एकमेकांशी बोलतात.