होम कमी करून व्हारला जागा: क्रम चुकला की डेटा जातो

प्रश्न असा: लिनक्सवर एकाच व्हॉल्यूम ग्रुपवर (डिस्कची जागा एकत्र करून एलव्हीएम बनवतं तो साठा) 100 जीबीचं होम (युजर्सच्या फाइल्सचा भाग) आहे, त्यात 22 वापरलेत. व्हार (लॉग वगैरेंचा भाग) 96 टक्के भरलंय. होम 40 वर आणून उरलेली जागा व्हारला द्यायची आहे.

आधी 'एलएसबीएलके' कमांडला 'एफ' ऑप्शन लावून फाइलसिस्टम कोणती ते बघा. रेड हॅट 7 पासून तिथे एक्सएफएस डिफॉल्ट आहे आणि एक्सएफएस वाढतं, पण असं कमी करता येत नाही. तसं असेल तर डेटा दुसरीकडे कॉपी करून होम नव्याने बनवणं एवढंच हातात राहतं. पुढचं सगळं ईएक्सटी4 धरून लिहितोय.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि त्यातल्या दोनचार फाइल्स परत काढून बघा. एलव्हीएमचा स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नका.

वाढवताना खालचा थर आधी वाढतो: व्हॉल्यूम (ग्रुपमधून होमसाठी कापलेली जागा), मग त्यावरची फाइलसिस्टम. कमी करताना बरोबर उलट. व्हॉल्यूम कमी करणारा 'एलव्हीरिड्यूस' शेपटाकडचा भाग सरळ छाटतो, तिथे तुमच्या फाइल्स आहेत की रिकामी जागा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्या फाइल्स पुढे सरकवायचं काम फाइलसिस्टमचा आकार बदलणाऱ्या 'रिसाइझ2एफएस'चं, म्हणून ते आधी.

होम अनमाउंट करा. 'बिझी' म्हणत असेल तर 'फ्यूझर' चालवून कोण बसलंय ते बघा. बहुतेक वेळा तुमचंच लॉगिन असतं. थेट रूट म्हणून कन्सोलवरून या. मग 'ई2एफएसचेक'ला 'एफ' लावून पूर्ण तपासणी करा. त्याशिवाय 'रिसाइझ2एफएस' पुढे जात नाही, आणि ते बरोबरच आहे. आता फाइलसिस्टम 40 ऐवजी 36 जीबीवर आणा, व्हॉल्यूम 40 वर आणा आणि शेवटी आकडा न देता 'रिसाइझ2एफएस' पुन्हा चालवा; ती 40 पर्यंत पसरते. मधले चार जीबी म्हणजे युनिटच्या (1000 की 1024) घोळापासून संरक्षण. 'एलव्हीरिड्यूस'ला छोटा 'आर' दिला तर हाच क्रम तो स्वतः पाळतो.

टाइप करताना घात इथे होतो. मोठा 'एल' म्हणजे साइझ, छोटा 'एल' म्हणजे एक्स्टेंटची (एलव्हीएम जागा ज्या तुकड्यांत मोजतं त्यांची) संख्या. एक एक्स्टेंट डिफॉल्टने 4 एमबीचा, म्हणजे छोट्या 'एल'पुढे 40 लिहिलं की होम 160 एमबीचं! शिवाय '40जी' म्हणजे 40 वर आणा आणि 'उणे 40जी' म्हणजे 40 ने घटवा, तेव्हा उरतात 60.

यानंतर लगेच व्हार वाढवू नका. होम माउंट करा, 'डीएफ' बघा, फाइल्स उघडून बघा. माउंट झालं नाही आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'बॅड जिऑमेट्री: ब्लॉक काउंट 26214400, डिव्हाइस 10485760' अशा अर्थाची ओळ दिसली, तर फाइलसिस्टम अजून 100 ची आहे आणि व्हॉल्यूम 40 चा. अशा वेळी 'एफएसचेक' अजिबात चालवू नका, ते उरलंसुरलं बिघडवेल. एलव्हीएमची जुनी मांडणी परत आणणाऱ्या 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर'ला लिस्ट मागा. प्रत्येक नोंदीत ती कोणत्या कमांडच्या आधी किंवा नंतर झाली ते लिहिलेलं असतं. 'एलव्हीरिड्यूस'च्या आधीची नोंद परत आणा, होमचा व्हॉल्यूम डीॲक्टिव्हेट करून पुन्हा ॲक्टिव्हेट करा. छाटलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसेल आणि 'इश्यू डिस्कार्ड्स' (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणारी सेटिंग) डिफॉल्टप्रमाणे बंद असेल, तर डेटा जागेवरच असतो. व्हार त्या जागेत पसरून लॉग लिहू लागलं की हा रस्ता बंद.

होम ठीक असेल तर 'एलव्हीएक्सटेंड'ला छोटा 'आर' आणि 'अधिक 50जी' द्या. अधिकचं चिन्ह विसरू नका. व्हार चालू असतानाच वाढतं, रीबूट लागत नाही. उरलेले 10 जीबी ग्रुपमध्ये मोकळेच ठेवा, रात्री दोनला डिस्क भरते तेव्हा तेच कामी येतात.

आणि हो, व्हार कशाने भरलं ते 'डीयू'ने बघितलंत का? डिलीट केलेली पण एखाद्या प्रोसेसने उघडी धरलेली लॉग फाइल 'डीयू'त दिसत नाही, 'एलएसओएफ'ला 'अधिक एल1' दिलं की दिसते. तीच निघाली तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, होमला हात लावायची गरजच पडणार नाही.