बोरीबंदरात पाणी कुठं आहे?

प्रश्न असा आला आहे: बंदर म्हणजे पोर्ट, मग एकट्या मुंबईत बोरीबंदर, वाडीबंदर, मस्जिद बंदर, अपोलो बंदर अशी इतकी बंदरं कशी? आणि बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनाच्या परिसरात, तर समुद्राचा मागमूसही नाही!

शब्द फारसी. (माकडाचा हिंदी 'बंदर' निराळा, तो वानरावरून आलेला.) इराणात बंदर अब्बास आहे, मछलीपट्टणमला तेलुगू माणूस नुसतं 'बंदर' म्हणतो, आणि जुन्या मलाक्कात बंदराच्या अधिकाऱ्याला शाहबंदर म्हणत. तिथं अर्थ ऐसपैस, अख्ख्या गावाला पुरणारा. मुंबईनं मात्र तो आखडून घेतला. पडाव किंवा गलबत काठाला लावून माल उतरवायची जागा, ती बंदर. मग एका किनाऱ्यावर दहा असली तरी बिघडत नाही.

आणि होतीच तेवढी. पूर्व किनाऱ्यावर लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर. यातला 'हे' म्हणजे 'हे आणि ते' मधला नव्हे, इंग्रजीतलं वाळलं गवत! घोड्यांवर आणि बैलांवर चालणाऱ्या शहराला गवतही लागायचं, हे त्या एका अक्षरात सापडतं. मला तर ही नावं जुन्या वाणसामानाच्या यादीसारखी वाटतात.

मोठ्या गोद्या नंतरच्या. ससून डॉक १८७५चा, प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा. जहाजं थेट गोदीत येऊ लागली आणि भराव घालून समुद्र मागं ढकलला गेला. पाणी गेलं, नावं जागच्या जागी राहिली. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याची पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहूनच, त्यामुळे ते नाव आगगाडीला चिकटलं आणि गलबतांचा संबंध लोक विसरले. मस्जिद बंदरचंही तसंच. फलाटावरच्या पाटीवर नुसतं 'मस्जिद' आहे, 'बंदर' लोकांच्या तोंडी. ही मशीद म्हणजे सॅम्युअल स्ट्रीटवरचं १७९६चं बेने इस्रायली प्रार्थनास्थळ, असं सांगतात. बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू; ते आपल्या मराठीत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात, तेव्हा ते पटण्याजोगं आहे.

न्हावा-शेवा १९८९ला सुरू झालं, त्याला आपण बंदर म्हणतो ते पुन्हा मोठ्या, पोर्टच्या अर्थानं. तेव्हा दोन्ही अर्थ बरोबर. फक्त बोरीबंदरचं भाषांतर 'बोरी पोर्ट' करू नका.