क्योतोला एक्स्चेंजवर जाणाऱ्यासाठी थोडंसं

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ लेव्हल झालीय ते भारीच, पण तिच्यात बोलणं-लिहिणं तपासतच नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तोंड उघडायला जड जातं, घाबरू नकोस. त्यात वर्गातलं जपानी वेगळं आणि दुकानातली कान्साई बोली, म्हणजे क्योतोकडच्या भागातली, वेगळी. राहायची जागा मिळाली की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदव, हेल्थ इन्शुरन्सचंही तिथेच उरकून टाक. पार्टटाइमला वेगळी परवानगी लागते आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २८ तासांची लिमिट आहे, ती ओलांडू नकोस, व्हिसाचा घोळ होतो. आणि भारतीय पोरांच्याच घोळक्यात राहायचं असेल तर मग पुण्यात बसून शिकलेलं काय वाईट? कॉलेजचं एखादं सर्कल (म्हणजे पोरांचा क्लब) पकड, चहाचं, क्युदोचं (जपानी धनुर्विद्येचं), कसलंही, सेनपाईंशी, म्हणजे सीनियर्सशी, कसं बोलायचं ते तिथे रोज कानावर पडतं, पुस्तकातून ते डोक्यात शिरत नाही.