दीडपट म्हणा, 'साडेएकपट' नको

प्रश्न असा आला आहे: "मुलगी तबला शिकते. तिचे गुरुजी 'आड' म्हणतात, पुस्तकात 'डेढ़गुन' छापलंय. मी घरी 'साडेएकपट' म्हणून समजावलं तर सासूबाईंनी टोकलं. मराठी शब्द कोणता, आणि हा 'आड' कुठून आला?"

सासूबाईंचं बरोबर आहे. मराठीत साडेएक नाही आणि साडेदोनही नाही. इंदुरात हल्ली मराठी घरांतूनसुद्धा 'साडेएक वाजता तालमीला ये' असं ऐकू येतं आणि दर वेळी कानाला टोचतं. याचं खापर हिंदीवर फोडू नका. हिंदीतही 'साढ़े एक' कोणी म्हणत नाही, 'डेढ़'च म्हणतात. सुटलं ते अपूर्णांकांच्या पाढ्यांचं पाठांतर: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी.

'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. चार पुरे झाले, वर अर्धा आला, की साडेचार. ही मागे बघून केलेली मोजणी. दीड आणि अडीच पुढे बघतात. दीड हा संस्कृतात द्व्यर्ध, प्राकृतात दिवड्ढ, म्हणजे 'दुसरा अर्धा'. अडीच हा अर्धतृतीय, प्राकृतात अड्ढाइज्ज, म्हणजे 'तिसरा अर्धा'. पहिले दोन पुरे झाले हे वेगळं सांगायलाच नको, तिसऱ्यात आपण अर्ध्यावर आहोत एवढं पुरे. याच घरातला तिसरा भाऊ औट: अर्धचतुर्थ, अद्धुट्ठ, 'चौथा अर्धा', म्हणजे साडेतीन. संतांचा औट हात देह तो हाच, आणि औट घटकेच्या राज्यातला औटही हाच. माझी आजी राजेंद्रनगरच्या घरी तांदूळ निवडता निवडता 'बे औटं सात, चोक औटं चौदा' म्हणायची. जुन्या हिंदी पाढ्यांत त्याचं रूप 'हूँठा' आहे.

हे शब्द किती जुने आहेत? आपल्याच मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यात, रूपनाथला अशोकाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. उपासक होऊन 'अढतिय' वर्षांहून अधिक काळ झाला, असं राजा त्यात सांगतो. अढतिय म्हणजे अडीच. आणि शेवटाकडे म्हणतो की हे काम 'दियढिय' वाढेल. दियढिय म्हणजे दीडपट! दीड आणि अडीच, दोघेही एकाच दगडावर. एवढं असताना आपण साडेएक म्हणायचं?

आता तबल्याकडे येतो, कारण या व्युत्पत्तीचा खरा उपयोग तिथे आहे. सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका (त्याचे ठरलेले बोल) आडात, म्हणजे दीडपटीत, लिहिला की सुरुवात अशी होते: धाऽधिं, ऽधिंऽ (ऽ म्हणजे आधीचाच बोल लांबलेला). एका मात्रेचे तीन भाग, प्रत्येक बोलाला दोन. पहिल्या मात्रेत 'धा' पुरा होतो, 'धिं' सुरू होतो आणि दुसरी मात्रा पडते तेव्हा तो 'धिं' नेमका अर्ध्यावर असतो. दुसरा अर्धा. द्व्यर्ध! मुलं इथेच अडखळतात, कारण ती 'एक आणि वर अर्धा' असं जोडत बसतात आणि हात मागे राहतो. त्यांना 'दुसरा अर्ध्यावर आला की टाळी' असं सांगून बघा. माझं ठाम मत आहे की दिडकी-अडीचकी घोकलेल्या पिढीला लयकारी, म्हणजे दीडपट-पावणेदोनपट असे लयीचे खेळ, लवकर उमगायची ती या पुढे बघण्याच्या सवयीमुळे. पावणेदोनपटीतही तेच. पावणे म्हणजे पादोन, पाव कमी. दुसरी मात्रा पडते तेव्हा दुसऱ्या बोलाचा पाव भाग उरलेला असतो.

आणि म्हणूनच मराठी शब्द वापरा. कुआड म्हणजे काय, हे दोन पंडितांना विचारा. एक म्हणेल चार मात्रांत पाच, दुसरा म्हणेल चारात नऊ, कारण आडाची आड ती कुआड. बिआड एकाच्या मते चारात सात, दुसऱ्याच्या मते आठात सत्तावीस. यातला दुसरा पक्ष मला मुळीच पटत नाही. आठात सत्तावीस हा कागदावरचा गुणाकार झाला, शिकणाऱ्याच्या हाताला त्याचा काय उपयोग? सव्वापट म्हणा, पावणेदोनपट म्हणा, भांडणच उरत नाही. नाना पानशांच्या इंदुरात, जिथे होळकर दरबारात मराठी माणसाचा पखवाज गाजला, तिथे तरी हे शब्द परके वाटू नयेत.

'आड' राहिलाच. तो आडवातला आड, सरळ चालीला छेदून जाणारी लय. अर्ध, अड्ढ, आड अशी साखळी जोडायचा मोह मलाही झाला होता, पण ती टिकत नाही. अड्ढचा ढ हिंदीने डेढ़ आणि अढ़ाईत जपला आहे, आणि हिंदी पखवाजी मात्र 'आड़' म्हणतात, 'आढ़' नाही.

मुलीला एवढं सांगा: तीनतालाचा ठेका एकदा दीडपटीत म्हणून समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर पाच मात्रा सोडायच्या, सहावीचा पहिला तिसरा भागही सोडायचा आणि मग 'धा' उचलायचा. आवर्तनाची लय तीच राहते, फक्त बोल जवळ येतात.